अर्धा हंगाम, पुरा न्याय

फुटबॉलचा हंगाम मध्येच मोडला, तर वरच्या श्रेणीत कोणाला चढवायचे, खाली कोणाला उतरवायचे? २०२० साली करोनामुळे हाच पेच पडला. आय-लीगमध्ये मोहन बागानने १६ सामन्यांत ३९ गुण मिळवून अजिंक्यपद आधीच पक्के केले होते. ते त्यांना मिळाले. खाली मात्र कोणालाच उतरवले नाही. फ्रान्सने दर सामन्यामागे गुणांची सरासरी काढून आमियाँ व तुलूझ यांना उतरवले. हॉलंडने चढउतारच थांबवली. दुसऱ्या श्रेणीत पहिला असलेला कांबूर संघ तिथेच राहिला. सरासरीतही खोट आहेच: कोणाचे बलाढ्यांशी सामने उरलेले, कोणाचे दुबळ्यांशी. जामच्या शेतकऱ्याला विचारा, पहिल्या वेचणीवरून साऱ्या कापसाचा हिशेब कोण करील? म्हणून नियम हंगामाआधीच लिहावा. तेव्हा कोण बुडणार, हे कोणालाच ठाऊक नसते.