फॉर्ममध्ये आलेलं खरं मानायचं का? पर्लमधली तपासणी

वेबसाइटवर फॉर्म भरताना मोबाईल नंबरातला एक अंक राहिला की चौकट लाल होते आणि ‘पाठवा’चं बटण दाबलंच जात नाही. बऱ्याच जणांना वाटतं, झाली तपासणी. पण ती तपासणी तुमच्याच ब्राउझरने केलेली असते आणि ती केवळ तुमच्या सोयीसाठी असते. पलीकडच्या सर्व्हरला ना चौकट दिसते, ना तिचा रंग. त्याच्यापर्यंत पोचतात नावं आणि त्यांच्यासमोरच्या किमती, एवढंच. असा मजकूर ब्राउझर न उघडता, टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप करूनही पाठवता येतो. तिथे चौकट नाही, बटण नाही, लाल रंगही नाही.

वेबच्या सुरुवातीच्या काळात सर्व्हरच्या बाजूचं हे काम बहुतांशी पर्ल भाषेत होत असे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा मजकुराची चिरफाड करण्यात तरबेज, आणि फॉर्म म्हणजे शेवटी मजकूरच. त्या काळातली ‘फॉर्ममेल’ ही मॅट राइट यांची छोटी पर्ल स्क्रिप्ट असंख्य साइट्सवर होती. फॉर्ममध्ये भरलेलं ती ईमेलने साइटच्या मालकाकडे पाठवायची. मालकाचा पत्ता मात्र फॉर्ममधल्याच एका लपवलेल्या चौकटीत असायचा. स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्या जागी हवे ते पत्ते घातले आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फुकटात टपाल सुरू केलं. चौकट लपवली म्हणजे ती बदलता येत नाही, असा समज त्यामागे होता.

हे झालं साधं उदाहरण. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट ऑक्टोबर २०१४ मधली आहे. बगझिला हे पर्लमध्ये लिहिलेलं, सॉफ्टवेअरमधल्या दोषांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. मोझिलासह अनेक मोठे प्रकल्प ते वापरतात. अजून दुरुस्त न झालेल्या सुरक्षेच्या त्रुटीही त्यात नोंदलेल्या असतात आणि त्या मोजक्याच लोकांना दिसतात. कोणाला काय दिसावं हे काही ठिकाणी ईमेल पत्त्याच्या शेपटीवरून, म्हणजे तो पत्ता कोणत्या संस्थेचा आहे यावरून, आपोआप ठरायचं. म्हणून खातं उघडताना पत्ता खरंच तुमचा आहे का, हे ईमेल पाठवून पडताळलं जायचं.

पडताळणी झाल्यावर खातं तयार करणाऱ्या कोडमध्ये तीन जोड्या होत्या: लॉगिनचं नाव म्हणजे पडताळलेला पत्ता, खरं नाव म्हणजे फॉर्ममधून आलेलं नाव, आणि पासवर्ड. वाचताना यात खटकण्यासारखं काहीच नाही. गोम होती फॉर्ममधली किंमत काढून देणाऱ्या ‘पॅराम’ या फंक्शनमध्ये. एकाच नावाची चौकट तीनदा पाठवली आणि फंक्शनला यादीच्या संदर्भात बोलावलं, तर ते तीनही किमती परत देतं. पर्लमध्ये जोड्यांची यादी ही मुळात सपाट यादीच असते. पहिलं नाव, मग किंमत, मग पुन्हा नाव, पुन्हा किंमत.

आता समजा कोणी ‘खरं नाव’ तीनदा पाठवलं. पहिल्यांदा काहीही, दुसऱ्यांदा ‘लॉगिनचं नाव’ हे शब्द आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याच कोणाचा तरी ईमेल पत्ता. सपाट यादीत पहिली किंमत खऱ्या नावासमोर बसते, आणि उरलेल्या दोन मिळून एक नवी जोडी तयार होते: लॉगिनचं नाव, दुसऱ्याचा पत्ता. एकच नाव दोनदा आलं की पर्ल नंतरची किंमत धरते. पडताळलेला पत्ता पुसला गेला, न पडताळलेला त्याच्या जागी बसला, आणि त्या संस्थेच्या माणसाला जे दिसायचं ते भलत्यालाच दिसू लागलं. दुरुस्ती एका शब्दाची होती: फंक्शनच्या आधी ‘स्केलर’ लिहायचं, म्हणजे एकच किंमत मिळते.

इथे ईमेल पत्त्याचा साचा तपासून काहीही साधलं नसतं, कारण घुसवलेला पत्ता साच्यात अगदी चोख बसणारा होता. चुकलेला होता आकार. एक किंमत अपेक्षित होती, तिथे तीन आल्या. म्हणून तपासणीतला पहिला प्रश्न ‘किंमत बरोबर आहे का’ हा नसून ‘जे आलं त्याची घडण अपेक्षेप्रमाणे आहे का’ हा असतो. आजचं मोजोलिशियस हे पर्लचं फ्रेमवर्क एरवी एकच किंमत देतं आणि सगळ्या हव्या असतील तर वेगळ्या नावाचं फंक्शन वापरायला लावतं. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो.

फॉर्म जितका मोठा तितकी ही घडण महत्त्वाची. शिबिराच्या नोंदणीत एका कुटुंबातली पाच माणसं असली, तर चौकटींची नावं ‘सदस्य, ठिपका, ०, ठिपका, नाव’ अशी ठेवतात. ‘सीजीआय एक्स्पांड’ हे मॉड्यूल त्या ठिपक्यांवरून घडीव रचना उभी करून देतं. पण ० च्या जागी कोणी ९० कोटी लिहिलं तर? सर्व्हर तेवढी लांब यादी मांडायला बसला तर मेमरी संपून आडवा होईल. म्हणून या मॉड्यूलने मर्यादा मुळातच १०० ठेवली आहे. आपल्याला पाचच सदस्य हवे असतील तर ती आणखी खाली आणावी.

घडण पटली की एकेका किमतीकडे वळायचं. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा. पिनकोडसाठी ‘सुरुवात, सहा अंक, शेवट’ असा साचा बहुतेक जण लिहितात आणि शेवटासाठी डॉलरचं चिन्ह वापरतात. पर्लमध्ये डॉलर म्हणजे अगदी शेवट नव्हे. मजकुराच्या शेवटी नव्या ओळीचं एक अदृश्य चिन्ह असेल तर डॉलर तेही चालवून घेतो. पुढे ही किंमत ओळीओळीने लिहिलेल्या फाइलमध्ये गेली, तर मध्येच एक ओळ तुटते. पक्का शेवट हवा असेल तर बॅकस्लॅश आणि लहान झेड.

‘अंक’ या शब्दातही मेख आहे, आणि ती थेट मराठी वापरणाऱ्यांशी जोडलेली आहे. पर्लमध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे कोणताही अंक, आणि युनिकोडच्या हिशेबात देवनागरी अंकही अंकच. त्यामुळे मराठी कीबोर्डवरून लिहिलेला ४११००४ हा पिनकोड साच्यातून सहीसलामत सुटतो. पण पर्लला हिशेब येतो तो इंग्रजी अंकांचाच. देवनागरी संख्येत काही मिळवायला गेलं की पर्ल तिची किंमत शून्य धरते, आणि इशारे सुरू ठेवले नसतील तर गुपचूप धरते. शुल्काच्या चौकटीत हे झालं तर पाचशे रुपयांचे शून्य रुपये होतात! साच्याला ‘ए’ हा बदलक लावला की फक्त इंग्रजी अंक स्वीकारले जातात. तो २०११ च्या ५.१४ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. पण मराठी फॉर्मवर मराठी अंक नाकारणं मला पटत नाही. आधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत, मग साचा लावावा. पर्लमध्ये हे एका ओळीचं काम आहे.

नावांची गंमत उलटी आहे. ‘ए ते झेड’ एवढाच साचा लिहिणाऱ्याने देवनागरी नावं दारातच अडवली. ‘युनिकोडमधलं कोणतंही अक्षर’ असं लिहिणाऱ्यानेही सीमाला आत घेतलेलं नसतं, कारण युनिकोडमध्ये स आणि म ही अक्षरं, तर वेलांटी आणि काना ही ‘चिन्हं’ या वेगळ्या गटात. साच्यात दोन्ही गट हवेत. त्याआधी आलेले बाइट्स अक्षरांत उलगडूनही घ्यायला हवेत. नाहीतर ‘सीमा’ची लांबी पर्ल ४ न सांगता १२ सांगते, आणि ‘नाव ३० अक्षरांपर्यंत’ हा नियम मराठी माणसाला दहावरच अडवतो.

काही नियम एका चौकटीत मावत नाहीत. ३१ फेब्रुवारी साच्यात बसते, पण कॅलेंडरमध्ये नाही; ‘डेटटाइम’ मॉड्यूलला अशी तारीख दिली की ते तिथेच थांबून चूक दाखवतं. परतीची तारीख येण्याच्या तारखेनंतरची हवी, हे दोन्ही तारखा एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

पर्लकडे आणखी एक जुनं हत्यार आहे, ‘टेंट मोड’. मोठ्या टीच्या स्विचने तो सुरू केला की बाहेरून आलेली प्रत्येक किंमत डागाळलेली समजली जाते. तिच्यापासून तयार केलेलं काहीही डागाळलेलंच. अशी किंमत वापरून बाहेरची आज्ञा चालवायला किंवा फाइल लिहायला गेलं की पर्ल प्रोग्राम बंद करते. डाग काढायची नेहमीची वाट म्हणजे किंमत साच्यातून नेऊन कंसात पकडलेला भागच पुढे वापरणं. अर्थात कोणी ‘काहीही चालेल’ असा साचा लिहिला तर डाग निघतो आणि घाण तशीच राहते.

हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा ‘डेटा फॉर्मव्हॅलिडेटर’सारखं मॉड्यूल बरं. कोणत्या चौकटी हव्यातच, कोणत्या ऐच्छिक, कोणाला कोणता नियम, हे एका जागी लिहायचं. ते निकाल वेगवेगळ्या ढिगांत देतं: पटलेलं, राहून गेलेलं, चुकलेलं आणि न मागता आलेलं. शेवटच्या ढिगाकडे सहसा कोणी बघत नाही. वर सांगितलेली खोडी काढणाऱ्यांचा माग मात्र अनेकदा तिथेच लागतो. चुकलेल्या ढिगातून भरणाऱ्याला ‘माहिती अवैध’ एवढंच न सांगता ‘तिसऱ्या सदस्याची जन्मतारीख पुढच्या वर्षातली आहे’ असं सांगता येतं, आणि बाकीच्या चार सदस्यांची माहिती त्याला पुन्हा भरावी लागत नाही.