दोन जिल्हे, एक मुंबई: आकडे एकत्र करताना चूक किती धरायची?

आजचा भाग आकड्यांचा आहे, पण घाबरू नका. गणित वर्ग आणि वर्गमुळाच्या पुढे जात नाही.

मी माटुंग्याची, म्हणजे सरकारी हिशेबात मुंबई शहर जिल्ह्यातली. कुर्ला, घाटकोपर मात्र मुंबई उपनगर जिल्ह्यात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, त्यात दोन्ही जिल्ह्यांची पत्रकं वेगळी निघतात. मग ‘अख्ख्या मुंबईत किती बायकांना ॲनिमिया आहे?’ याचं उत्तर कसं काढायचं?

सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. शहर ५० टक्के, चूक-मर्यादा ±६. उपनगर ५५ टक्के, ±४. सरळ सरासरी काढायची नाही, कारण २०११च्या जनगणनेत शहरात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगरात ९४ लाख. ढोबळ वजन झालं पाव आणि पाऊण. एकत्र आकडा आला ५३.८ टक्के.

आता चूक. ६ आणि ४ यांची बेरीज नाही, सरासरीही नाही. दोन्ही नमुने स्वतंत्रपणे निवडलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडची चूक एकाच दिशेला जाईलच असं नाही. म्हणून प्रत्येक मर्यादेला तिच्या वजनाने गुणा: १.५ आणि ३. त्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर ±३.४. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम.

हेच फरकाला लावून बघा. उपनगर ५ टक्क्यांनी मागे, अशी बातमी होईल. पण फरकात वजनं नसतात. ३६ अधिक १६, त्याचं वर्गमूळ ७.२. फरक ५, चूक ७.२! म्हणजे फरक नाहीच असं नव्हे. पण या आकड्यांवरून तो सिद्ध होत नाही. तेवढ्यावर एका जिल्ह्याचा निधी दुसरीकडे वळवला, तर नुकसान खऱ्या बायकांचं होतं.

एक सावधगिरी. २०१९-२१च्या फेरीत प्रत्येक निवडलेल्या वस्तीतून २२ घरं घ्यायची, अशी पद्धत होती. शेजारी-शेजारी घरं बरीच सारखी असतात. फाइव्ह गार्डन्सजवळची २२ घरं एक गोष्ट सांगतील, माटुंगा लेबर कॅम्पमधली २२ दुसरी. त्यामुळे चूक साध्या सूत्रापेक्षा सहसा मोठी येते. याला ‘डिझाइन इफेक्ट’ म्हणतात. तो २ असेल तर मर्यादा साधारण १.४ पट होते. मूळ डेटा हातात असेल तर ‘आर’ या मोफत भाषेतलं ‘सर्वे’ पॅकेज वस्त्या आणि वजनं धरून हा हिशेब करतं.

जिल्हा पत्रकात चूक-मर्यादेचा रकाना नसतो. पण कंसातला आकडा दिसला तर थांबा: तो फक्त २५ ते ४९ जणांवर उभा आहे. असे दोन आकडे जोडून मोठा दावा कुणी केला, तर एकच विचारा, ‘अधिक-उणे किती?’