उतारवयातील बहिरेपणा: काही रूढ समजुतींचा खुलासा

‘म्हाताऱ्याला हवे तेवढे बरोबर ऐकू येते’ हा आरोप आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे केला जातो, की ज्याच्यावर तो ठेवला जातो त्याची कैफियत ऐकून घेण्याची आवश्यकताही कोणास भासत नाही. वस्तुतः येथे लबाडी नसून शरीररचनेचा नियम असतो. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी जन्मतःच असतात. मनुष्यात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आणि वार्धक्यात प्रथम झिजतात त्या नलिकेच्या मुखाजवळच्या, म्हणजे उच्च स्वर टिपणाऱ्या पेशी. आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे व दमदार असल्यामुळे ते शाबूत पोहोचतात, परंतु स, श, फ यांसारखी क्षीण व्यंजने वाटेतच गळतात, आणि ‘साप’ म्हटले असता ‘ताप’ ऐकू येतो. (घरात खरोखरच साप निघाला असेल, तर ही चूक थोडी महागात पडेल.) शांत खोलीत समोर बसलेल्या मित्राचा घोगरा आवाज ज्यांना स्पष्ट कळतो, त्याच आजोबांना कुकरच्या शिट्टीआडून नातीने मारलेली हाक कळत नाही, ती याच कारणाने.

यावर ओरडणे हा इलाज नव्हे. अशा कानाला मंद आवाज पोहोचत नाही, मोठा मात्र पूर्वीइतकाच किंवा अधिकच बोचतो. शिवाय ओरडण्याने स्वर तेवढे फुगतात, व्यंजने तशीच दुबळी राहतात. समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहून, किंचित सावकाश बोलावे.

कानात तेल घालण्याची प्रथा तर बाजूसच ठेवावी. मळाने कान दडपला असल्यास वैद्यांकडून तो काढून घेता येतो; अंतर्कर्णाची झीज तेलाने भरून येत नाही, आणि पडद्याला छिद्र असल्यास अपाय मात्र होतो.

श्रवणयंत्राने कान ‘आळशी’ होतो, ही समजूतही निराधार आहे. उलट वर्षानुवर्षे ध्वनी न पोहोचल्याने मेंदूचीच ऐकण्याची सवय मोडते, आणि म्हणूनच उशिरा घेतलेले यंत्र पहिल्या आठवड्यांत भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकवते व कंटाळून कपाटात जाते. श्रवणमापन करून, रोज काही तास लावून, तक्रारी सांगून ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. मात्र ‘यंत्र लावा, स्मृतिभ्रंश टाळा’ ही जाहिरातबाजीही मान्य करता येत नाही. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा जोखीमघटकांत केली, हे खरे. परंतु अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या लोकांवर झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या प्रयोगात श्रवणोपचाराचा बौद्धिक लाभ सरसकट दिसला नाही. ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्यातच तो आढळला. चारचौघांच्या संभाषणात पुन्हा सामील होता येणे, हा लाभ माझ्या मते यंत्र घेण्यास स्वतंत्रपणे पुरेसा आहे.

वयाच्या खात्यावर सर्वच बहिरेपणा मांडणे मात्र धोक्याचे. वार्धक्याचा बहिरेपणा दोन्ही कानांना, वर्षानुवर्षांच्या संथ गतीने येतो. एकच कान एक-दोन दिवसांत अकस्मात बंद पडला, तर ती तातडीची व्याधी समजावी, आणि स्टेरॉइडच्या उपचाराचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच विशेष होत असल्यामुळे, सर्दी उतरण्याची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.