पंखा का थांबला?

(मोटारीच्या आत गार किंवा गरम हवा आणणारा एक लहानसा पंखा असतो. तो बिघडला तर काय होते, बिघाड कसा शोधतात आणि दुरुस्ती करताना कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, भर पावसाळ्यात तुम्ही मोटारीतून कसारा घाट चढत आहात, अशी कल्पना करा. बाहेर पाऊस कोसळतो आहे. पाणी आत येऊ नये म्हणून सगळ्या काचा बंद आहेत. गाडीत पाच माणसे बसली आहेत. थोड्याच वेळात समोरची काच आतून धुरकट होऊ लागते आणि रस्ता पुसट दिसतो. चालक एक बटण फिरवतो. ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, काचेवर हवेचा झोत बसतो आणि हळूहळू काच स्वच्छ होते. पण समजा, बटण फिरवूनही कसलाच आवाज आला नाही, तर? वळणावर समोरून येणारा ट्रक चालकाला कसा दिसेल?

हवेचा हा झोत सोडणाऱ्या पंख्याला गॅरेजमध्ये ‘ब्लोअर’ म्हणतात. काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश अशा थंड प्रदेशांत तो मुख्यतः गरम हवा देतो, म्हणून तेथे तो हीटरचा पंखा ठरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तोच एअर कंडिशनरची गार हवा आत आणतो आणि पावसाळ्यात काच साफ ठेवतो. पंखा एकच, पण त्याची कामे अनेक.

काच धुरकट का होते, हे आधी समजून घेऊ. आपल्या उच्छ्वासात पाण्याची वाफ असते. ओल्या कपड्यांतूनही वाफ निघते. पावसाच्या पाण्याने काच थंड झालेली असते. वाफेने भरलेली आतली हवा या थंड काचेला लागली, की वाफेचे बारीक बारीक थेंब बनतात. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पेल्याच्या बाहेर जसे थेंब जमतात, तसाच हा प्रकार आहे. काचेवर कोरडी किंवा उबदार हवा सोडली, की हे थेंब पुन्हा वाफ होऊन उडून जातात.

ही उबदार हवा मिळते कोठून? पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा मिळते, तिच्यातील बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. इंजिन फार तापू नये म्हणून त्याच्या भोवती ‘कूलंट’ नावाचे द्रव खेळवलेले असते. इंजिन नेहमीसारखे चालू असताना हे द्रव सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यातील काही द्रव डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका छोट्या जाळीदार रेडिएटरमधून जाते. पंखा या जाळीतून हवा ढकलतो, हवा गरम होते आणि आपल्यापर्यंत येते. म्हणजे हीटरसाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिन नसल्यामुळे उष्णता विजेपासूनच मिळवावी लागते. पण हवा ढकलण्यासाठी पंखा तेथेही लागतोच.

आता या पंख्याचा वेग कसा बदलतो ते पाहू. साध्या गाडीत त्याच्या बटणावर १, २, ३, ४ असे आकडे असतात. पंख्याची मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. बटण ४ वर ठेवले, की बॅटरीची वीज सरळ मोटरला मिळते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो. बटण १, २ किंवा ३ वर ठेवले, की वीज आधी एका ‘रोधका’तून जाते. रोधक म्हणजे विजेला अडथळा करणारी तारेची वेटोळी. अडथळा जेवढा जास्त, तेवढा पंख्याचा वेग कमी.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही ओहमचा नियम शिकला असाल. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी तो १८२७ साली प्रसिद्ध केला. तो येथे लावून पाहू. सोयीसाठी असे धरा, की मोटरचा रोध १ ओहम आहे. बटण ४ वर असताना विद्युतधारा १२ भागिले १, म्हणजे १२ अँपिअर होईल. आता वाटेत २ ओहमचा रोधक एकसर जोडला. एकूण रोध ३ ओहम झाला. विद्युतधारा १२ भागिले ३, म्हणजे फक्त ४ अँपिअर उरली. खरी मोटर फिरताना याहून थोडी निराळी वागते. पण तत्त्व समजण्यासाठी एवढा हिशेब पुरे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. रोधकात निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग गुणिले रोध एवढी असते. ४ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ३२ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची लहान इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते. म्हणजे पंखा हळू फिरत असताना डॅशबोर्डच्या आत एक छोटीशी इस्त्री तापत असते! म्हणूनच रोधक मुद्दाम पंख्याच्या हवेच्या वाटेत बसवतात. पंख्याच्या हवेनेच तो थंड राहतो.

एवढे समजले, की बिघाड शोधण्याचे निम्मे काम झाले. कुशल कारागीर लगेच पान्हा हातात घेत नाही. तो आधी बटण १ पासून ४ पर्यंत सावकाश फिरवतो आणि कान देऊन ऐकतो.

पंखा १, २, ३ वर फिरत नाही. पण ४ वर जोरात फिरतो, असे दिसले तर? चारवर वीज सरळ मोटरला मिळते, हे आपण पाहिले. पंखा तेथे फिरतो, याचा अर्थ मोटर चांगली आहे. मग दोष बहुधा रोधकात आहे. तो जळला असेल, किंवा त्याच्यावरची उष्णतेने वितळणारी सुरक्षाकडी तुटली असेल. रोधकाला जोडलेला प्लग तापून काळा पडला आहे का, हेही पाहावे लागते. अशा वेळी पूर्ण मोटर बदलणे म्हणजे पैशांची नासाडी आहे. मधला एखादाच वेग गायब असेल, तर रोधकाचा एखादा भाग किंवा बटणाचा स्विच तपासतात. मात्र नव्या, महागड्या गाड्यांत आपोआप तापमान राखणारी यंत्रणा असते. तिच्यात वेग बदलण्याचे काम इलेक्ट्रॉनिक भाग करतो, म्हणून हा नियम तेथे लागू पडत नाही.

पंखा कोणत्याच आकड्यावर फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. तो जळला नसेल, तर पंख्याच्या मोटरचा प्लग काढतात, बटण ४ वर ठेवतात आणि प्लगच्या दोन टोकांमध्ये चाचणीचा दिवा लावून पाहतात. दिवा चांगला उजळला, तर वीज येत आहे आणि दोष मोटरमध्ये आहे. तिच्या आतले कार्बन ब्रश झिजलेले असतील. दिवा लागला नाही, तर वीज वाटेत कोठेतरी अडली आहे. मग रिले, स्विच, तारा आणि गाडीच्या बॉडीला जोडलेली अर्थची तार, अशी एकेक जागा क्रमाने तपासावी लागते.

पंखा फिरतो, पण खडखड आवाज येतो, असेही घडते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर गुलमोहराची पाने काचेखालच्या जाळीतून आत शिरतात. कधी उंदीर आत घरटे करतात. साफसफाईनंतर आवाज बंद झाला, तर नवीन काही घ्यावे लागत नाही. पंखा जोरात फिरतो, पण हीटरची हवा गारच येते, असे असेल तर मात्र दोष पंख्याचा नाही. कूलंट कमी झाले असेल. अशा वेळी तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले उकळते द्रव उसळून चेहरा भाजतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जळलेला रोधक बदलला, पंखा चारही आकड्यांवर फिरू लागला, की काम संपले का? नाही. रोधक जळला कशामुळे, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. पंख्यात कचरा अडकला किंवा त्याचा बुश घट्ट झाला, की मोटर अडखळत फिरते आणि जास्त वीज ओढते. रोधक जास्त तापतो. त्याच वेळी हवा कमी येते, म्हणून तो थंडही होत नाही. हवा गाळणारा फिल्टर धुळीने भरला, तरी रोधकाला पुरेशी हवा मिळत नाही. हे कारण तसेच ठेवून नवा रोधक बसवला, तर काही दिवसांत तोही जळतो. गाडीचा मालक कारागिराला दोष देतो, कारागीर मालाला दोष देतो आणि खरा दोषी, म्हणजे पंख्यात अडकलेला कचरा, तसाच राहतो.

फ्यूजच्या बाबतीत तर अशी चूक जिवावर बेतू शकते. फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेवरचा पहारेकरी. धारा मर्यादेबाहेर गेली, की तो स्वतः वितळतो आणि तारांना वाचवतो. गाडीच्या चपट्या फ्यूजवर अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो आणि त्याप्रमाणे रंगही ठरलेला असतो: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जळलेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज बसवावा. तोही लगेच जळला, तर तारांत किंवा मोटरमध्ये दोष आहे, असे समजून तेथेच थांबावे. काही लोक जास्त आकड्याचा फ्यूज किंवा सरळ तांब्याची तार लावतात. पंखा फिरू लागतो, सगळे खूश होतात. पण आता फ्यूजऐवजी डॅशबोर्डमधल्या तारा तापू लागतात. त्यांच्यावरचे प्लॅस्टिक वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते.

हे काम जाणकाराने किंवा जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत पंखा डाव्या बाजूच्या कप्प्याखाली असतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवतात आणि विजेच्या चाचणीपुरतीच पुन्हा जोडतात. अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या तारा आणि प्लग बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावू नये.

प्रवासातच पंखा बंद पडला तर काय करावे? गाडी सुरक्षित जागी उभी करावी. काच कोरड्या, स्वच्छ कापडाने आतून पुसावी. दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या खाली कराव्यात, म्हणजे आतली दमट हवा बाहेर जाते. आतलीच हवा पुन्हा फिरवणारे बटण बंद ठेवावे. गाडी पळू लागली, की बाहेरची थोडी हवा पंख्याशिवायही आत येते. एवढे करूनही रस्ता दिसत नसेल, तर पुढे जाऊ नये. घरी उशिरा पोहोचलेले चांगले.

थंड प्रदेशात धोका वेगळा असतो. हीटर चालत नाही म्हणून बंद गाडीत कांगडी किंवा कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. झोपेतच माणूस बेशुद्ध पडतो आणि मरण पावतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणेही असेच घातक आहे. कारण इंजिनाच्या धुरातही हा वायू असतो.

मित्रांनो, ‘दुरुस्त’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही रुळला. उर्दूत बरोबर उत्तरालाही ‘दुरुस्त’ म्हणतात. दुरुस्ती या शब्दात ‘बरोबर करणे’ हा अर्थ आहे. वस्तू कशीतरी चालू करून देणे ही दुरुस्ती नव्हे. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, चाचा किंवा मामू गॅरेजमध्ये उस्ताद असतील. त्यांना विचारून पाहा. बिघाड ओळखताना ते आधी ऐकतात, मग पाहतात, मग मोजतात आणि शेवटी पान्हा उचलतात. हे शिकण्याची इच्छा असेल, तर दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. तेथेही ओहमचा हाच नियम तुम्हांला पुन्हा भेटेल.

शब्दार्थ
पुसट – अस्पष्ट. उच्छ्वास – बाहेर सोडलेला श्वास. वेटोळे – गोल गुंडाळी. डाख देणे – धातू वितळवून जोडणे. जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे. रुळणे – नेहमीच्या वापरात येणे. दमट – ओलसर.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हीटरला उष्णता कोठून मिळते?
(आ) रोधक हवेच्या वाटेत का बसवतात?
(इ) १५ अँपिअरच्या चपट्या फ्यूजचा रंग कोणता असतो?

२. कारणे लिहा.
(अ) पावसाळ्यात मोटारीची काच आतून धुरकट होते.
(आ) नवा रोधक बसवला तरी तो पुन्हा जळू शकतो.
(इ) फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावू नये.

३. ‘जिवावर बेतणे’ आणि ‘कान देऊन ऐकणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.

५. उपक्रम : जवळच्या गॅरेजला भेट द्या. तेथील उस्तादांनी एखादा बिघाड कसा शोधला, ते त्यांना विचारा आणि आठ-दहा ओळींत लिहा.