जमिनीच्या वाटपाची वक्ररेषा

गावातील एकूण जमिनीला खातेदारांच्या संख्येने भागले म्हणजे सरासरी धारणक्षेत्र निघते. हा आकडा काढण्यास सोपा आहे. परंतु जमीन कोणाकडे किती आहे, याचा बोध त्यावरून होत नाही. बियाणे, खते किंवा अवजारे यांचा मर्यादित साठा गावात वाटावयाचा असतो, तेव्हा केवळ सरासरीवर विसंबल्यास खऱ्या गरजू शेतकऱ्यावर अन्याय होण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी संख्याशास्त्रातील एक साधी रेषा उपयोगी पडते. अमेरिकेतील मॅक्स लॉरेन्झ यांनी ती १९०५ साली मांडली. म्हणून तिला लॉरेन्झ वक्ररेषा असे म्हणतात.

रेषा कशी काढावी

नागपूर जिल्ह्यातील कोराडीच्या परिसरात दहा खातेदारांची एक वस्ती आहे असे समजू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. चार खातेदारांकडे प्रत्येकी अर्धा हेक्टर, दोघांकडे प्रत्येकी एक हेक्टर आणि उरलेल्या चौघांकडे अनुक्रमे दीड, दोन, साडेचार व आठ हेक्टर जमीन आहे. एकूण जमीन २० हेक्टर, म्हणून सरासरी २ हेक्टर. प्रत्यक्षात दहापैकी सात खातेदार या सरासरीच्या खाली आहेत!

प्रथम खातेदारांची नावे सर्वांत कमी जमिनीपासून सर्वांत अधिक जमिनीपर्यंत क्रमाने लिहावीत. नंतर जमिनीची बेरीज करीत जावे व प्रत्येक बेरजेचे एकूण जमिनीशी प्रमाण काढावे. ते असे येते :

पहिले २० टक्के खातेदार – ५ टक्के जमीन
पहिले ४० टक्के खातेदार – १० टक्के जमीन
पहिले ६० टक्के खातेदार – २० टक्के जमीन
पहिले ८० टक्के खातेदार – ३७.५ टक्के जमीन
सर्व खातेदार – १०० टक्के जमीन

आता आलेखाच्या कागदावर दहा घरे लांब व दहा घरे उंच असा चौकोन आखावा. तळाच्या रेषेवर खातेदारांची व उभ्या रेषेवर जमिनीची टक्केवारी मांडावी. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा कर्ण ही समतेची रेषा होय. सर्वांकडे सारखी जमीन असती, तर सर्व बिंदू या कर्णावरच पडले असते. प्रत्यक्ष बिंदू जोडून येणारी रेषा कर्णाखाली झोळीसारखी लोंबते. झोळी जितकी खोल, तितकी विषमता अधिक.

विषमतेचे माप

कर्णाखाली एकूण ५० घरे येतात. दहाही खातेदारांचे बिंदू मांडून कर्ण व वक्ररेषा यांमधील घरे मोजल्यास ती साडेसव्वीस भरतात. त्यांस ५० ने भागले असता ०.५३ हा अंक मिळतो. इटलीतील कोराडो जिनी यांच्या नावावरून यास जिनी गुणांक म्हणतात. पूर्ण समता असल्यास तो शून्य येतो. विषमता वाढते तसा तो एककडे सरकतो.

देशाचे चित्रही असेच आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सुमारे ८६ टक्के वहितीधारकांकडे दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन होती, आणि त्या सर्वांच्या वाट्यास एकूण क्षेत्रापैकी सुमारे ४७ टक्केच क्षेत्र आले होते. दहा हेक्टर व त्याहून मोठ्या वहिती एक टक्क्याहूनही कमी होत्या; पण त्यांच्याकडे सुमारे ९ टक्के क्षेत्र होते.

घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट भूमिहीनांची. वरील वस्तीत पाच भूमिहीन मजूर कुटुंबे धरली, तर गुणांक ०.५३ वरून सुमारे ०.६९ वर जातो. खातेदारांच्या यादीत ज्यांचे नाव नाही, त्यांची गणना राहून जाते व गाव आहे त्यापेक्षा अधिक समान दिसते.

दुसरी गोष्ट जमिनीच्या प्रतीची. एक हेक्टर काळी किंवा मोरंड जमीन आणि एक हेक्टर बरडी जमीन यांचे उत्पन्न सारखे नसते. ओलीत व कोरडवाहू क्षेत्रांचीही गत तीच. शक्य तेथे त्यांची रेषा वेगळी काढावी.

तिसरी गोष्ट इतर मिळकतीची. कोराडी येथे १९७४ पासून औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा भागात अल्प जमीन असलेल्या एखाद्या कुटुंबास पगाराचा आधार असतो, तर तेवढीच जमीन असलेले शेजारचे कुटुंब केवळ शेतीवर अवलंबून असते. जमिनीची रेषा हा भेद दाखवीत नाही.

वाटपाच्या वेळी उपयोग

वरील वस्तीत बियाणे क्षेत्राच्या प्रमाणात वाटल्यास चार लहान खातेदारांना मिळून १० टक्केच बियाणे मिळेल. दर खात्यास सारखे दिल्यास ४० टक्के मिळेल. यांपैकी कोणती पद्धत योग्य, हे योजनेच्या हेतूवर अवलंबून राहील; परंतु तो निर्णय समजून-उमजून व्हावा. यासाठी ग्रामसेवकांनी आठ-अ उताऱ्यांवरून आपल्या गावाची रेषा काढावी, त्याच कागदावर मागील वर्षीच्या लाभार्थ्यांना मिळालेल्या मदतीची रेषा काढावी आणि दोन्ही रेषा ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. दुसरी रेषा पहिलीपेक्षाही खाली लोंबत असेल, तर मदत मोठ्या खातेदारांकडेच अधिक वाहिली असे समजावे व पुढील यादी करताना सुरुवात सर्वांत लहान खात्यापासून करावी.