मेंढीच्या छातीतली झडप

हृदयाची कृत्रिम झडप माणसाला बसवण्याआधी मेंढीत तपासतात, हे माण-खटाव, जतच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या आमच्या बांधवांना कुणी सांगितले आहे काय? मेंढीचे हृदय जवळपास माणसाच्या हृदयाएवढे. माणसाचे हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडते, वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक. तेवढी उघडझाप झडपेने सोसायची! तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पथकाचे तीन नमुने बाद झाले. एकातील कृत्रिम नीलमाची चकती मेंढीच्या छातीत फुटली. चौथ्यातली प्लास्टिकची चकती मात्र टिकली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्या रुग्णाला बसवली. परदेशी झडपेहून ती बरीच स्वस्त.

झडप लागते कुणाला? बहुतेकदा लहानपणीच्या सांधेतापाने हृदय बिघडलेल्यांना. हा ताप दाटीच्या, कोंदट घरांतला. म्हणजे आमच्याच वस्त्यांतला. झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि रक्त वरचेवर तपासायचे. जत, माणहून ऊसतोडीला गेलेल्या बाईने ते फडात कुठे तपासायचे? मेंढीला ऊसतोडीला जावे लागत नाही. सातारा-सांगलीच्या ग्रामीण रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.