वाऱ्याआडचे कापड, त्यावर बोटीचे नाव

कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. वारीत दिंडीच्या ट्रकला दिंडीचे आणि गावाचे नाव लिहिलेले कापड बांधलेले असते. गर्दीत चुकलेला वारकरी चेहरे धुंडाळत बसत नाही, ते कापड शोधतो. भर समुद्रातल्या शिडाच्या बोटीलाही असे नावाचे कापड लावतात. कौंडण्यपूरजवळच्या वर्धा नदीतल्या डोंग्याला त्याची गरज नाही. पलीकडचा काठ दिसतो आणि डोंगा कुणाचा हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

या कापडाला वेदर क्लॉथ म्हणतात. बोटीच्या मागच्या भागात सुकाणू धरून बसायची खोलगट जागा असते. तिच्या दोन्ही बाजूंना काठावर स्टीलचे छोटे खांब असतात आणि त्यांतून कठड्याच्या तारा ओवलेल्या असतात. या तारा आणि बोटीचा काठ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत हे कापड ताणून बांधतात. वारा अडतो, लाटेचे उडालेले पाणी थेट अंगावर येत नाही. दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ रत्नाकर दांडेकरांच्या गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधली गेली. असल्या प्रवासात दक्षिणेकडच्या थंड समुद्रात ओल्या अंगावर वारा लागत राहिला, तर माणूस हाडापर्यंत गारठतो. तिथे हातभर कापडाचीही किंमत कळते.

नावाचा उपयोग वेगळा. मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’तून ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जून १९६८ मध्ये एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणेला निघाले. वाटेत रेडिओ बिघडला. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ बोट दिसली, त्यानंतर कित्येक महिने पत्ता नाही. एप्रिल १९६९ मध्ये अझोर्स बेटांच्या बाजूला एका तेलवाहू जहाजाला त्यांनी दिव्याची उघडझाप करून बोटीचे नाव कळवले, तेव्हा कुठे घरच्यांना ते जिवंत असल्याचे समजले.

आता एआयएस यंत्र बोटीचे नाव आसपासच्या जहाजांना परस्पर कळवते. पण डोलकाठी मोडली की तिच्या टोकावरची अँटेनाही जाते. ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात मोडली आणि तिच्यातले भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी पाठीला मार लागून आत अडकून पडले. उपग्रहावरून संदेश जात होते, ठिकाण माहीत होते. तरीही नौदलाच्या विमानाला ती बोट अफाट पाण्यात शोधावी लागली. अशा वेळी भडक रंगाचे कापड आणि त्यावरची ठळक अक्षरे कामाची.

कापड शिवणे अवघड नाही, मापे घेणे अवघड. खांब किंचित कललेले असतात, तारा काठाला समांतर नसतात. म्हणून आधी जुन्या चादरीचा नमुना जागेवर बेतून पाहावा. पूर्वी सुती कॅनव्हास असे, तो ओलसर राहून कुजे. आता धाग्यातच रंग मुरवलेले ॲक्रिलिक कापड वापरतात. दोराही उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा हवा, नाहीतर कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, असे होते. कडा दुमडून नेफा घालावा, पितळी रिंगा ठोकाव्यात आणि खाली चार बोटे फट ठेवावी, म्हणजे आत आलेले पाणी वाहून जाते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बांधायची दोरी बारीक हवी. मोठी लाट कापडावर आदळली की दोरी तुटली पाहिजे. दोरी भक्कम असेल तर खांब वाकतात, आणि वाकलेला खांब भर समुद्रात सरळ होत नाही. मजबुतीच्या हौसेने इथे जाड दोर वापरणारे पुष्कळ असतात.

अक्षरे त्याच जातीच्या कापडातून कापून शिवावीत. चिकटवलेली अक्षरे घडीवर सुटतात. देवनागरीत आणखी एक पंचाईत आहे. कापडाची उंची जेमतेम दोन फूट. ‘कौंडण्यपूर’ लिहायचे झाले तर वर मात्रा आणि अनुस्वार, खाली ऊकार. मधल्या अक्षराच्या वाट्याला फारशी जागा उरत नाही. काना-मात्रा कमी असलेले सुटसुटीत नाव दुरून लवकर वाचता येते. परदेशी जहाजांसाठी रोमन अक्षरेही हवीतच.

मात्र हे कापड बारा महिने बांधून ठेवू नये. धक्क्याला लागताना ते वारा धरते आणि बोट भलतीकडे ढकलली जाते. खाली बसलेल्याला त्याच्या आडचे दिसत नाही, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तर मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते बोये जागोजागी असतात. शिवाय मे महिन्यात त्या किनाऱ्यावर वारा अडवायचा कशाला? मुंबई-गोवा फेरीला ते घडी घालून आत ठेवावे आणि लांबच्या सफरीला निघताना बांधावे.